जुन्या संगणकांचे चालते संग्रहालय

संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांतील निश्चल वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. इंग्लंडमधील ब्लेच्ली पार्कच्या आवारातील राष्ट्रीय संगणक संग्रहालय त्यास अपवाद आहे. लंडनच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटरवरील या संग्रहालयात जुने संगणक प्रत्यक्ष चालवून दाखविले जातात. शिक्षकाने तेथे अधिक वेळ घालवावा असे यंत्र म्हणजे 'हार्वेल डेकाट्रॉन' होय.

हार्वेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात १९४९ साली त्याची आखणी सुरू झाली व १९५१ मध्ये ते चालू झाले. तोवर तेथील लांबलचक आकडेमोड माणसे हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रांवर करीत. काम कंटाळवाणे आणि चुकांना वाव देणारे. नव्या यंत्राकडून वेगाची अपेक्षाच नव्हती. एक गुणाकार करण्यास त्यास पाच ते दहा सेकंद लागत. एकदा एका निष्णात गणकाने आपले हातयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली. सुमारे अर्धा तास तो बरोबरीने टिकला, मग थकून थांबला. यंत्र मात्र चालतच राहिले. नाताळच्या एका सुटीत तर ते किमान दहा दिवस कोणाच्याही देखरेखीवाचून काम करीत होते!

या यंत्राचा संथपणाच आज अध्यापनास उपयोगी पडतो. त्यात ८२८ डेकाट्रॉन नलिका आहेत. प्रत्येक काचनलिकेत वायू भरलेला असून दहा स्थाने वर्तुळाकार मांडलेली असतात. विजेचा एक स्पंद आला की प्रकाशाचा ठिपका एक स्थान पुढे सरकतो. शून्यापासून निघालेला ठिपका नवावरून पुन्हा शून्यावर आला की शेजारच्या नलिकेतील ठिपका एका घराने पुढे जातो. प्राथमिक शाळेत आपण ज्यास 'हातचा एक' म्हणतो, तो येथे डोळ्यांनी पाहावयास मिळतो. आजच्या संगणकाच्या पोटात काय चालते हे कोणासही दिसत नाही. येथे मात्र प्रत्येक अंक प्रकाशाच्या रूपाने समोर असतो.

१९५७ पर्यंत हार्वेलला हे यंत्र अपुरे पडू लागले. ते मोडीत न काढता, त्याचा शिक्षणासाठी सर्वोत्तम उपयोग कोणते महाविद्यालय करील, अशी स्पर्धा घेण्यात आली. वुल्व्हरहॅम्टनच्या तंत्र महाविद्यालयाने ती जिंकली आणि १९७३ पर्यंत तेथील विद्यार्थी त्यावर शिकले. जुन्या सामग्रीच्या निर्लेखनाची प्रकरणे हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा निर्णय अवश्य पाहावा. पुढे यंत्र बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले. ते संग्रहालय १९९७ मध्ये बंद झाल्यावर यंत्राचे भाग सुटे करून गोदामात ठेवले गेले. २००८ मध्ये एका छायाचित्रात त्याचा नियंत्रण-फलक ओळखू आला आणि शोध लागला. दुरुस्तीनंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मूळ भागांसह चालणारा जगातील सर्वांत जुना अंकीय संगणक म्हणून ते ओळखले जाते.

त्याच इमारतीतील 'कलॉसस'ची कथा याच्या नेमकी उलट आहे. टपाल खात्याचे अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी घडविलेला हा इलेक्ट्रॉनिक संगणक फेब्रुवारी १९४४ मध्ये जर्मन सेनापतींच्या 'लॉरेन्झ' या सांकेतिक लिपीवर काम करू लागला. (पुष्कळजण त्याचा संबंध 'एनिग्मा'शी जोडतात, तो गैरसमज आहे.) कागदी फितीवरील अक्षरे तो सेकंदाला ५,००० या वेगाने वाची. युद्धसमाप्तीपर्यंत असे दहा संगणक उभे होते. त्यानंतर गुप्ततेच्या आज्ञेनुसार दहापैकी आठ लगेच मोडण्यात आले, उरलेले दोन १९६० च्या सुमारास. फ्लॉवर्स यांना आपली कागदपत्रे भट्टीत जाळावी लागली. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत या यंत्राचा उल्लेखही उघडपणे होत नव्हता. साहजिकच पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान बराच काळ अमेरिकेतील 'एनिॲक'कडे राहिला.

आज तेथे दिसतो तो पुनर्निर्मित कलॉसस होय. टोनी सेल यांनी १९९३ मध्ये हाती घेतलेले हे काम २००७ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, पूर्ण झाले. मूळ यंत्र युद्धकाळात काही महिन्यांत तयार झाले होते! पुनर्निर्मितीस आधार काय, तर १९४५ मधील मोजकी छायाचित्रे, काही वृद्ध अभियंत्यांच्या आठवणी आणि त्यांनी जपून ठेवलेले मंडल-आकृत्यांचे तुकडे. नियमाप्रमाणे हे तुकडेही त्यांनी जवळ बाळगावयास नको होते.