सोमवारच्या आज्ञा

बेटा, नोकरी लागून देवासला आलीस, फार बरं वाटलं. दहा आज्ञा तुला संडेस्कूलपासून पाठ आहेत, त्या पुन्हा म्हणवून घेत नाही. रविवारी त्या सगळ्यांनाच जमतात. सोमवारी कशा पाळायच्या, तेवढं आत्याकडून ऐक. आणि ऑफिसातल्या कॅथलिक मैत्रिणीशी आकड्यांवरून भांडू नकोस. मूर्तीची आज्ञा आपण वेगळी मोजतो, ते पहिलीतच धरतात आणि लोभाच्या दोन करतात. शेवटी दहा त्याच.

१. उठता-बसता ‘देवाशप्पथ’ म्हणू नकोस, साधं हो किंवा नाही म्हण — शपथ वाढली की शब्द घटतो, आणि देवाचं नाव किरकोळ कामाला जुंपायचं नसतं.

२. मूर्तीची आज्ञा तुझ्यासाठी आहे, शेजारणीच्या देव्हाऱ्यावर बोट ठेवायला नाही. नवरात्रात टेकडीवर तुळजाभवानीच्या आणि चामुंडेच्या दर्शनाला गर्दी लोटते, तेव्हा नाक मुरडू नकोस. प्रसाद आला तर घ्यायचा की नाही, हे पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र वाचून तुझ्या मनाशी ठरव. पण नाही म्हणायचं तर हात जोडून, दोन गोड शब्दांत म्हण — शेजार तुटला तर शेजाऱ्यावर प्रीती करायची कशी?

३. राग आला की त्याच रात्री मेसेज लिहू नकोस, सकाळी लिही — पहिला शब्द गिळला की दहावा बोलावा लागत नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात खुनाची आज्ञा थेट रागापाशी आणून ठेवली, ती याचसाठी.

४. आपल्याच जिल्ह्यातलं उदयनगर कधी विसरू नकोस. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांना, मजुरांना बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना मिळवून द्यायच्या. सावकारांची पकड सैल होऊ लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, सावकारांच्या चिथावणीवरून समंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. २००२ साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि त्याच्याच हाताला तिने राखी बांधली. सिस्टरांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, २००६ मध्ये तो सुटला, आणि पुढे केरळात जाऊन त्यांच्या आईबापांना भेटला. शत्रूवर प्रीती करणं माणसाला झेपत नाही असं कुणी म्हणालं, तर हे सांग. मात्र कुणा दुखावलेल्याला ‘जाऊ दे, माफ करून टाक’ असं चटकन म्हणू नकोस — त्या राखीआधी सात वर्षं गेली होती, आणि ती वाट सेल्मी स्वतःच्या पायांनी चालली, कुणी ढकललं म्हणून नव्हे.

५. तुझी कुणाशी अढी असेल तर ती मात्र लांबवू नकोस. रविवारी उपासनेला जायच्या आधी, शनिवारीच फोन कर — अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूनेच सांगितलंय.

६. दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर त्याच पावली फिर. नोटा छापणाऱ्या गावात राहतेस, दहा रुपये परत करायला लाजू नकोस — बायबलातल्या जकातदार जक्कयाने चौपट फेडायचं कबूल केलं, तुझं एकपटीत भागतंय.

७. लग्न झालं की नवऱ्याची गाऱ्हाणी दुसऱ्या पुरुषाजवळ सांगायची नाहीत, आईजवळ सांग, माझ्याजवळ सांग — घर मोडायची सुरुवात बहुतेकदा सहानुभूतीच्या चहापासून होते.

८. शेजारणीची नवी स्कूटर पाहून हप्त्यावर काही उचलायचं असेल तर महिनाभर थांब — हप्त्याचा थाट, सावकाराची वाट. उदयनगरच्या त्या बसमध्ये रक्त सांडलं, त्याच्या मुळाशी दुसऱ्याच्या कष्टावरचा डोळाच होता. लोभाची आज्ञा शेवटी येते, पण बाकीच्या बऱ्याच तिच्यातूनच मोडतात.

९. कुठल्याही समाजाबद्दल काही वाईट फोनवर आलं तर पुढे पाठवायच्या आधी त्या समाजातल्या एका ओळखीच्या माणसाला विचार — खोटी साक्ष द्यायला आता कोर्टात जावं लागत नाही. आपल्याबद्दलही कुणीतरी असंच विचारावं, असं आपल्याला वाटतंच ना?

१०. मंडळीला देणगी जरूर दे, पण आईच्या औषधांचे पैसे काढून ठेवल्यावर — देवाला वाहिलं म्हणून आईबापाला देणं चुकवणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलंय, मार्कच्या सातव्या अध्यायात वाच.

११. रविवारी ड्युटी लागली तर रडत बसू नकोस, दुसरा अर्धा दिवस ठरवून मोकळा ठेव — विश्रांतीचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्याच्यासाठी नाही. आणि तुझ्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंनाही आठवड्याची सुट्टी दे, पगार न कापता. त्या आज्ञेत दासदासींचा आणि बैलाचासुद्धा वाटा लिहिलेला आहे, आणि आपण वाचताना नेमकं तेवढंच गाळतो.