दारू "पचते" म्हणजे काय?



पुष्कळ पिऊनही जो सरळ चालतो, त्याच्याविषयी लोक कौतुकाने म्हणतात, "ह्याला पचते." जो थोडक्यात लटपटतो, त्यास कच्चा म्हणतात. हे "पचणे" शक्तीचे लक्षण आहे की रोगाचे, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करू.

१. माप. व्हिस्की किंवा रम ह्यांत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम, आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क होतो. यकृत तासास साधारण ७ ते १० ग्रॅमच मद्यार्क नाहीसा करिते. लिंबूपाणी, काळा चहा किंवा थंड पाण्याची आंघोळ ह्यांनी हे काम लवकर होत नाही. तेव्हा भोसरीचा किंवा चाकणचा जो कामगार रात्री अकरास क्वार्टर संपवितो, त्याच्या रक्तात पहाटे पाचपर्यंत, कित्येकदा आठपर्यंतही दारू असते. आणि सकाळच्या पाळीस तो तशाच स्थितीत यंत्रापुढे उभा राहतो. वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असल्यास कायद्याने तो गुन्हा आहे. कायदा रक्त पाहतो, चाल पाहत नाही.

२. सवय कशी जडते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात दोन फेरफार होतात. पहिला यकृतात: मद्यार्क मोडणारे द्रव्य वाढते, म्हणून दारू काहीशी लवकर उतरते, परंतु ती मोडताना निघणारे विष यकृतास जाळीतच असते. दुसरा मेंदूत: दारू मेंदूस मंद करिते, म्हणून मेंदू तिच्या विरुद्ध स्वतःस सदा ताणून ठेवितो. त्यामुळे पूर्वीइतका कैफ येण्यास अधिक दारू लागते. म्हणजे नशा कमी झाली, इजा कमी झाली नाही. उलट मात्रा वाढल्याने इजा वाढली. नीतिसूत्रांच्या २३ व्या अध्यायाच्या अखेरीस ज्या मद्यप्याचे वर्णन आहे, त्यास मार बसला तरी कळत नाही, आणि जागा होताच तो पुन्हा पेला शोधतो. आज वैद्य सांगतात ती गोष्ट हीच होय. पुढे यकृत निकामी होत आले म्हणजे हेच "पचणे" नाहीसे होते, व पूर्वीचा पट्टीचा पिणारा दोन घोटांत कोलमडतो.

३. पिण्याच्या रीती. कोणी रोज थोडी थोडी पितो. कोणी आठवडाभर कोरडा राहून पगाराच्या दिवशी उपाशीपोटी एकदम पितो. पहिल्याचे यकृत हळूहळू कठीण होते व तो दारूचा बांधील होतो. दुसऱ्यास वांतीने श्वास कोंडणे, हृदयाचे ठोके बिघडणे, स्वादुपिंड सुजणे आणि रस्त्यावरील अपघात ही भये अधिक. गटारीला पोटभर पिऊन श्रावणभर जे वर्ज्य करितात, त्यांची सवय महिन्याभरात बरीच ओसरते. मग ते जुनीच मात्रा घेतात आणि ती घातक ठरते. ख्रिस्ती घरांत नाताळ व लग्नसराई ह्या वेळी हेच घडू शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तात प्रमाण अधिक चढते.

४. विषारी दारू. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉलपासून शरीरात असे आम्ल बनते की ते डोळ्यांची दृष्टी व प्राण हरण करिते. हातभट्टीची सवय असलेल्यासही त्यापासून संरक्षण नाही. लक्षणे कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. म्हणून नजर अंधुक झाली किंवा पोटात कळा आल्या तर क्षणभर न थांबता रुग्णालय गाठावे.

५. प्रचारकांस विशेष सूचना. एखादा बंधू मंडळीपुढे उभा राहून "आजपासून थेंब घेणार नाही" असे म्हणतो, तेव्हा आपणांस आनंद होतो, व तो योग्यच आहे. परंतु तो वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पिणारा असेल, तर त्यास त्या रात्री एकटा सोडू नका. दारू एकाएकी थांबली म्हणजे ताणलेला मेंदू मोकाट सुटतो. काही तासांतच हात कापतात व घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन नसलेली माणसे दिसतात. ही भूतबाधा नव्हे, आणि विश्वास कमी पडला असेही नव्हे. हा आजार आहे, त्याने मरणही येते, पण त्यावर औषध आहे. त्यास आधी डॉक्टरांकडे न्या. पिंपरीस यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. प्रार्थना करा, आणि रिक्षाही बोलवा.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, दारूचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. मग ज्यास पचते त्याचे कौतुक कसले? त्याच्या घरच्यांनी त्याच्याविषयी अधिकच काळजी करावी.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न:
(१) नशा कमी होणे आणि इजा कमी होणे ह्यांत भेद काय?
(२) महिनाभर वर्ज्य केल्यावर जुनी मात्रा का घातक ठरते?
(३) रोज पिणाऱ्याने दारू सोडण्याचे ठरविल्यास पहिल्या तीन दिवसांत त्याच्याजवळ कोण राहील? आपल्या मंडळीतील दोन नावे आजच ठरवा.