गाडी मानवली नाही तर

आधी एक कर. गाडी घेऊन पस्तावल्याचं आईला एवढ्यात सांगू नकोस. ती बाबांना सांगणार, बाबा ‘मी तेव्हाच म्हणत होतो’ची टेप लावणार, आणि मूळ विषय बाजूलाच राहणार. आणि रडू नकोस गं. एवढे पैसे घालवले की आपणच मूर्ख आहोत असं वाटायला लागतं, आणि अशा खजील गिऱ्हाईकाला वाटेला लावणं शोरूमवाल्यांना फार सोपं जातं.

काल फोनवर तू जे सांगितलंस ते मी नीट जुळवून पाहिलं. घर नोएडात, ऑफिस गुरुग्रामला. गाडी रोज घरापासून बॉटनिकल गार्डन मेट्रो स्टेशनपर्यंत जाते, दिवसभर पार्किंगमध्ये उभी राहते, संध्याकाळी परत येते. सुट्टीच्या दिवशी फार तर लाजपतनगर. एवढ्यासाठी तू घेतलीस डिझेलची एसयूव्ही, चौदा लाखांची. आता डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप जोडून तो घालवतात आणि काही दिवसांत तो पुन्हा हजर होतो.

तो दिवा काय सांगतोय ते समजून घे, तुझं सगळं प्रकरण त्याच्यातच आहे. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे नव्या गाड्या बीएस-6 च्याच विकल्या जातात. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला त्यांच्यात एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाळणीत साचलेली काजळी जळायला धूर चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. तुझी गाडी तापायच्या आत पार्किंगला लागते. यमुना एक्स्प्रेसवेवरून नेहमी आग्र्याला जाणाऱ्या माणसाला हीच गाडी बहुधा काही त्रास देणार नाही. म्हणजे ती बिघडलेली नाही, तुझ्या दिनक्रमाला मानवलेली नाही. दिल्लीची हवा जशी तुला पहिल्या हिवाळ्यात मानवली नव्हती, तसंच.

इथे मी थोडी कठोर बोलणार आहे. ‘आवडली नाही, परत घ्या’ असा हक्क आपल्याकडे गाडीच्या बाबतीत नाही. बिल झालं, नोंदणी झाली की गाडी तुझी. तुमच्या ग्रुपवर कोणीतरी ‘30 दिवसांत परत करता येते’ असं फॉरवर्ड केलंय ना, ते अर्धवट आहे. ते 30 दिवस कायद्यात आहेत, पण सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणाऱ्या विक्रेत्यासाठी आहेत. मन बदललेल्या गिऱ्हाईकासाठी नाहीत. 2020 च्या जुलैत लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तुझ्यासारखीच्या बाबतीत मुख्यतः दोन प्रश्न विचारतो: वस्तूत दोष आहे का, आणि विकताना दिशाभूल केली का?

मायलेजचं रडगाणं तर तू सोडूनच दे. जाहिरातीतला तो आकडा आपल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांच्या चाचणीतून येतो. लहानपणी जिला आपण एआरएआय टेकडी म्हणायचो, तिथलीच ती संस्था. चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, ठरलेल्या वेगात. तिथे डीएनडीची कोंडी नसते आणि जूनमधला एसीही नसतो. तेवढा आकडा रस्त्यावर पडला नाही म्हणून गाडी सदोष ठरत नाही.

आता दोषाचा रस्ता. तो कुठे लागतो आणि कुठे संपतो ते दिल्लीच्याच एका प्रकरणावरून बघ. 2015 च्या ऑगस्टमध्ये एकाने ह्युंदाई क्रेटा घेतली. 2017 च्या नोव्हेंबरात दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनीचं म्हणणं, धडक तेवढ्या जोराची नव्हती. दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगाने गाडी बदलून द्या आणि वर एकूण 3 लाख रुपये द्या, असा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला, आणि एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, अशा अर्थाचं कोर्टाने सुनावलं. वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण याच न्यायालयाने 2006 मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात म्हटलं होतं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याची असेल, तर क्लच सतावतो म्हणून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणजे दोष असला तरी तो किती खोल आहे हे बघतात, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो.

म्हणून माझं ऐक. तू शोरूमला जो मेल लिहायला बसली आहेस, त्यात पहिल्याच ओळीत ‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट’ घालू नकोस. सगळे तेच करतात, वकीलसुद्धा. उद्या तज्ज्ञ गाडी तपासेल आणि सांगेल की गाळणी अगदी नीट चाललीय. मग तुझी जी खरी बाजू आहे, तीसुद्धा त्या खोट्या शब्दाबरोबर वाहून जाईल.

तुझी खरी बाजू काय? तू शोरूममधल्या गाडी विकणाऱ्या मुलाला सांगितलं होतंस. ‘मी रोज फक्त मेट्रोपर्यंत जाते, डिझेल घेऊ का?’ असं तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस, आणि त्याचं उत्तर आलं, ‘मैडम आँख बंद करके डीज़ल लो, सिटी में एकदम बेस्ट.’ मला स्क्रीनशॉट पाठवलास तेव्हा मी चहा टाकायची थांबले. हे एक वाक्य तुझ्या त्या पिवळ्या दिव्यापेक्षा मोठं आहे. कायद्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जंत्री आहे. वस्तूच्या गरजेबद्दल किंवा उपयुक्ततेबद्दल खोटं वा दिशाभूल करणारं सांगणं हे तिच्यात स्पष्ट आहे.

आणि याहून जुना एक आधार आहे, मला तो फार आवडतो. आपला मालविक्रीचा कायदा 1930 चा, इंग्रजांच्या 1893 च्या कायद्यावर बेतलेला. त्याचं कलम 16 म्हणतं की वस्तू कशासाठी हवी ते गिऱ्हाईकाने विक्रेत्याला सांगितलं असेल आणि त्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवून ती घेतली असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. मेख अशी की नावाने ओळखली जाणारी वस्तू नावानेच मागून घेतली तर हे संरक्षण मिळत नाही. शोरूमचा वकील नेमकं हेच म्हणेल: ‘बाईंनी मॉडेलचं नाव घेऊन बुकिंग केलं.’ त्याला उत्तर आहे शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश खटल्याचं. एका गृहस्थाने विक्रेत्याला सांगितलं, मला फिरतीला सोयीची, आरामशीर मोटार हवी. विक्रेत्याने बुगाटी सुचवली. बुगाटी! शर्यतीच्या वळणाची गाडी ती, आरामशीर कसली असणार? गृहस्थाने पैसे परत मागितले. विक्रेत्याने नावाचा मुद्दा काढला, छापील करारातल्या अटी दाखवल्या. अपील न्यायालयाने ऐकलं नाही. त्याने नाव उच्चारलं तरी भिस्त विक्रेत्याच्या सल्ल्यावर होती, म्हणून गृहस्थाला पैसे मिळाले. इंग्लंडचा निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, पण कलमाची घडण तीच आहे, आणि बुगाटीचा तो गृहस्थ आणि तू यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

ते चॅट आता जीवापाड जप. फोन बदलू नकोस, चॅट एक्सपोर्ट करून ठेव. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील.

दुसरं, जॉब कार्ड. दरवेळी गाडी देताना समोरचा मुलगा टॅबवर काय लिहितो ते तू बघतेस का? मला पाठवलेल्या फोटोत ‘जनरल चेकअप’ लिहिलंय, आणि खाली तुझी सही! दिवा लागला, त्यासाठी गाडी आणली, किती किलोमीटरला आणली, काहीच नाही. गाडी परत घेताना दुसरी ओळ, ‘चेक्ड, ओके, कस्टमर सॅटिस्फाइड’. तिथेही सही. आयोगासमोर हे दोन कागद आले की तू समाधानी गिऱ्हाईक. पुढच्या वेळी तुझी तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घे. ‘ये तो सबमें आता है, मैडम’ असं तो म्हणणारच, तर तेही लिहून दे म्हणावं. आणि दिवा गेला एवढ्यावर समाधानी असल्याची सही करू नकोस. हात थरथरला तरी चालेल, पण सही नको.

कोणाविरुद्ध जायचं? लोक रागाने थेट कंपनीला ओढतात. गोव्याच्या एका प्रकरणात गिऱ्हाईकाने 2011 च्या मॉडेलचे पैसे भरले आणि पदरात पडली 2009 ची टाटा इंडिगो, तीही 622 किलोमीटर पळालेली. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, कारण डीलर आपल्या हिमतीवर गाडी विकत घेऊन विकतो आणि कंपनीने काय केलं याचा नेमका आरोपच तक्रारीत नव्हता. तुझ्याशी बोलला तो डीलरचा माणूस. डीलर पहिला. कंपनीलाही जोडायचं असेल तर तिने काय केलं ते सांगता आलं पाहिजे.

बरं, कुठे जायचं याची निवड तुझ्या हातात आहे आणि एनसीआरमध्ये ती फार महत्त्वाची आहे. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार करता येते. शोरूम दिल्लीत, घर नोएडात, नोकरी गुरुग्रामला, म्हणजे तुला तीन राज्यांचे दरवाजे उघडे. आता पुढचं बघ. नोएडात, म्हणजे गौतम बुद्ध नगरच्या जिल्हा आयोगात जिंकलीस आणि डीलर अपिलात गेला, तर तारखा लखनौला. गुरुग्रामहून अपील पंचकुलाला. दिल्लीत केलंस तर दिल्लीतच, मेट्रोने जाण्यासारखं. मी दिल्लीच धरीन. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोग, तुझ्या गाडीच्या किमतीला फी 400 रुपये, आणि ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते. कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षं. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कर. ते कोर्ट नाही, पण तिथून विचारणा गेली की काही शोरूमचा आवाज खाली येतो.

वेळेबद्दल मात्र तुझी फसवणूक करणार नाही. कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्या क्रेटावाल्याला अपघातापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत साडेचार वर्षं लागली. तेवढ्या काळात तुझा हप्ता थांबणार नाही. थांबवूही नकोस, बँकेचं या भांडणाशी काही देणंघेणं नाही आणि सिबिल खराब होईल ते वेगळंच.

म्हणून मला विचारशील तर आयोग हा दुसरा डाव. पहिला डाव अदलाबदलीचा. शोरूमला नवी गाडी विकायचीच आहे. मेलमध्ये चॅट जोडून सरळ लिही: मी माझी गरज सांगितली होती, तुमच्या सल्ल्याने डिझेल घेतली, ही गाडी आज बाजारात जाते त्यापेक्षा चांगल्या भावात परत घ्या आणि याच मॉडेलची पेट्रोल द्या. किती तोटा सोसायचा तो आकडा तू आधीच मनाशी ठरव, आणि त्यांच्यासमोर त्याच्या निम्म्यापासून सुरू कर. भाव दुसरीकडूनही काढून ठेव.

आणि उशीर करू नकोस, कारण डिझेलचं दिल्लीत आयुष्यच कमी. हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरची डिझेल गाडी एनसीआरमधून हद्दपार केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हणून दिलासा मिळाला आणि डिसेंबरात तो बीएस-4 व पुढच्या गाड्यांपुरता उरला. तुझी त्यात बसते, पण घेणारा माणूस हे सगळं डोक्यात धरूनच भाव करतो. पुण्यात तुझ्या मामेभावाला गाडी घेतोस का विचारते आहे म्हणालीस, पण डीएल किंवा यूपी नंबरची गाडी तिकडे न्यायची तर एनओसी, तिथला टॅक्स, पुन्हा नोंदणी आली. नात्यात व्यवहार नकोच. उद्या दिवा त्याच्याकडे लागला तर दिवाळीला तोंड कसं दाखवशील?

मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला दाखव. त्यात ‘चीटर’ आणि तीन उद्गारचिन्हं असणार हे मला माहीत आहे, ती मी काढणार आहे.