निवाऱ्यापलीकडचे काम

उचगावला लागून असलेल्या गांधीनगरची कापडपेठ सर्वांच्या परिचयाची आहे. ही पेठ एका निर्वासित छावणीच्या जागी उभी राहिली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेल्या सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांना 1943 ते 1948 या काळात येथील वळिवडे छावणीत आश्रय मिळाला. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. बराकी बांधणे त्या मानाने सोपे होते. पोलिश रेड क्रॉससारख्या संस्था व स्वतः निर्वासित यांनी शाळा, रुग्णालय, चर्च व बालवीर पथके चालविली, तेव्हा कोठे छावणीला गावाचे रूप आले. पुढे तेथेच सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि व्यापाराच्या बळावर ती स्थिरावली.

आज माणूस बेघर होतो तो आजारपण, कर्ज, महापूर किंवा घरातून झालेली हकालपट्टी यांमुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या आदेशानुसार शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा अपेक्षित आहे. असे अनेक निवारे स्वयंसेवी संस्था चालवितात. अंथरूण-पांघरुणाइतकेच ओळखपत्र, औषधोपचार, रोजगार व नातलगांचा शोध यांकडे त्यांना लक्ष द्यावे लागते.

परंतु निवाऱ्याची वेळच येऊ न देणे अधिक शहाणपणाचे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये पतीबरोबर पत्नीचेही नाव असल्यास विधवेला घराबाहेर काढणे अवघड जाते. ही नोंद मालकीचा अंतिम पुरावा नव्हे; तरीही तिचा आधार मोठा. त्यासाठी अर्ज लिहून देणे व ग्रामसभेत पाठपुरावा करणे हे काम गावचे महिला मंडळही करू शकते. त्यास अनुदान लागत नाही.