नेम धरा, पण मापाचा

नव्या वर्षाचं काही ठरवायला बसाल तेव्हा वही नंतर उघडा, आधी नवं कॅलेंडर पुढ्यात घ्या. कालनिर्णय असो नाहीतर महालक्ष्मी. बाराही पानं उलटा आणि जे दिवस तुमचे नाहीत त्यांवर पेन्सिलीने फुली मारा. मार्च कोणाचा? नोकरदाराचा असेल तर मार्चएंडचा, घरात शाळकरी पोर असेल तर परीक्षेचा. मे लग्नकार्यांचा आणि पाहुण्यांचा. गणपती गावी कोकणात असतील तर ते दिवस आणि त्याआधीचा साफसफाईचा आठवडा. दिवाळीचे पंधरा दिवस गेलेच. शेती असली तर पेरणी आणि सुगीत दुसरं काही सुचतच नाही. उरलं ते तुमचं वर्ष. ते फार तर सात-आठ महिन्यांचं भरतं. लोक बेत बारा महिन्यांचे करतात आणि मग संक्रांतीचे तिळगूळ संपायच्या आत ते बारगळले म्हणून स्वतःला आळशी ठरवतात. आळस नव्हे, हिशेब चुकलेला असतो.

आमच्या सासूबाई चातुर्मासाचे नेम धरायच्या. कोणी कांदा-लसूण सोडायचं, कोणी वांगं, कोणी जेवताना मौन पाळायचं, तर कोणी कहाणी वाचल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. देवाधर्माचं तुमचं तुम्ही बघा, मीही त्यातलं बरंचसं मानत नाही. पण त्या नेमांची बांधणी बघा. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. चार महिन्यांवर एक दिवस नाही. गोष्ट एकच. आणि ती पाळली की मोडली, हे शेजारणीलाही सांगता आलं पाहिजे. 'खाणं जरा कमी करीन' हा नेम होत नाही. 'चहा बिनसाखरेचा पिईन' हा होतो. शेवटी उद्यापन, सोडलेला पदार्थ आधी दुसऱ्याला द्यायचा, मग आपण खायचा. म्हणजे संपल्याचा आनंदही ठरवून ठेवलेला. तेव्हा पोरांनो, वर्षाचा संकल्प करूच नका. चार महिन्यांचा करा. निभला तर पुढचे चार महिने वाढवा, नाहीतर दुसरा धरा.

याच रीतीतली आणखी एक युक्ती कांदेनवमीची. एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, घरात असतील नसतील तेवढ्या कांद्यांची भजी, थालीपीठं करून ते संपवायचे. त्यात मजा आहेच, पण शहाणपणही आहे. जे सोडायचं ते घरात ठेवायचं नाही. फरसाणाचा डबा भरलेला ठेवून वजन उतरवायला निघालात तर रात्री अकराला तो डबाच जिंकणार. मोबाइल कमी करायचा असेल तर चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा. मनाशी भांडण्यात वेळ घालवू नका, वस्तू हलवा.

आता मापाचं. इथे बहुतेकांचं घोडं अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. 'यंदा ज्ञानेश्वरी वाचायची' असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर. रोज पंचवीस वाचल्या तर वर्षात पुरी होते, आणि पंचवीस ओव्या म्हणजे फार नाहीत. पण या मापात एकाही दिवसाची सूट नाही. एक ताप आला, एक लग्न निघालं, की मागची बाकी चढली. मग माणूस एका रविवारी दोनशे ओव्या उरकायला बसतो आणि सोमवारी पोथी कपाटात जाते. चाळीसचं माप धरलं तर सव्वादोनशे दिवसांत काम होतं. बाकीचे दिवस आजारपणाला, पाहुण्यांना, कंटाळ्यालासुद्धा. दासबोध घ्याल तर आणखी सोपं. वीस दशक, दर दशकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. रोज एक. पोथीच्या जागी पोहणं घ्या, हार्मोनियम घ्या, इंग्रजी बोलायचा सराव घ्या. एकूण काम किती, हातात दिवस किती आणि त्यातले वाया जाणारे किती, हे तीन आकडे मांडल्याशिवाय सुरुवात करू नका.

नोंद कशी ठेवायची? दुधाचा हिशेब ठेवतो तशी. दूधवाला आला नाही त्या तारखेवर आपण खाडा मांडतो, आला त्या दिवसावर काही लिहीत नाही. तसेच नेमाचेही फक्त खाडे मांडा. महिनाअखेर मोजा. चार-पाच असतील तर चिंता नको. दहाच्या वर गेले तर स्वतःला दूषणं देऊ नका, माप निम्मं करा. अर्धा तास चालणं जमत नसेल तर पंधरा मिनिटं. आणि काल राहिलं म्हणून आज दुप्पट, असं कधी करायचं नाही. खाडा म्हणजे कर्ज नव्हे.

विसावाही आधीच ठरवून ठेवावा. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पाहा. पुण्यात मुक्काम, मग दिवेघाट चढून सासवड. वारीतली ही मोठी आणि दमवणारी चाल. म्हणून सासवडला मुक्काम एका रात्रीचा नसतो, एक दिवस जास्तीचा असतो. वाटेतले मुक्काम ठरलेले आहेत म्हणून लाखो माणसं आषाढीला पंढरपुरात पोचतात. तुमच्या मार्चनंतर, परीक्षेनंतर, घरातल्या लग्नानंतर असा एक मोकळा आठवडा कॅलेंडरवर आत्ताच लिहून टाका.

एका वेळी एकच नेम, यावर मी अडून बसते. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृती किरकोळ होती. त्यांनी पहिलं वर्ष व्यायामाला आणि पोहण्याला दिलं, अभ्यास त्यापायी मागे पडला. पुढे बी. ए. पहिल्या वर्गात झाले, आणि मंडालेची सहा वर्षं काढली ती याच शरीराने. तुम्हाला वर्ष बुडवायला सांगत नाही हो! पण वजन, वाचन, बचत, योगासनं आणि गिटार एकदम धरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

बाकी किरकोळ. पैशाचा नेम असेल तर तो बँकेलाच पाळायला लावा; पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती झाली पाहिजे. पीपीएफमध्ये भरत असाल तर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. दुसऱ्याच्या अंगावरचा नेम आपण धरू नये: 'यंदा मुलीला नव्वद टक्के' हा तुमचा नेमच नव्हे, तुमचा नेम फार तर 'रोज तासभर टीव्ही बंद' एवढाच. आणि गावभर सांगत सुटू नका. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जाहीर केलं की अंगठे आणि टाळ्या मिळतात, आणि काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. एकाच माणसाला सांगा, जो तोंडावर विचारेल, 'काय रे, या महिन्यात खाडे किती?'

राहता राहिली तारीख. एक जानेवारी हुकली म्हणून वर्ष सोडून देऊ नका. आपल्याकडे गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे, आषाढी आहे, दसरा आहे, दिवाळीचा पाडवा आहे. सुरुवातीला मुहूर्त मिळाला नाही, ही सबब मराठी माणसाला शोभत नाही.