रक्ताचा डॉक्टर होताना

रायपूर

चि. मिहिर,

एमडी मेडिसिननंतर तू डीएम क्लिनिकल हेमॅटॉलॉजीला जातो आहेस, हे ताईकडून कळलं. या तीन वर्षांत ल्युकेमिया, हिमोफिलिया, बोन मॅरो प्रत्यारोपण सगळंच शिकवतील. पण छत्तीसगडात वाढलेल्या मुलाने सिकलसेलमध्ये पक्कं व्हावं, असं मनापासून वाटतं.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं. मध्य भारतातली नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली. बिघाड केवढासा! बीटा-ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी ताठरते आणि बारीक रक्तवाहिनी तुंबते. मग वर्षाच्या आतबाहेरचं बाळ हातापायाची बोटं सुजून कळवळतं, कुणाला हात लावू देत नाही. अशा बाळाला नुसत्या लोहाच्या औषधावर घरी धाडू नकोस.

सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं, नळीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तरी लगेच ‘रुग्ण’ लिहायचं नाही. वाहकाचीही चाचणी पॉझिटिव्ह येते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच फरक कळतो. तान्ह्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त, म्हणून तिथे सोल्युबिलिटी चाचणी फसवू शकते.

हा फरक न कळल्याने ठरलेली लग्नं मोडतात.

म्हणून वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे घरच्यांना समोर बसवून सांग. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर गर्भारपणात २५ टक्के धोका, यातल्या ‘दर’वर जोर दे. एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक सहज करतात.

हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात. पण बरं वाटलं की गोळी सुटते, रक्तपेशींची तपासणीही राहून जाते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य आहे. तपासणीत सापडलेल्यांना वर्षानुवर्षं सांभाळणारे डॉक्टर मात्र तुमच्यातूनच यायचे आहेत.

सुटीत आलास की इथल्या सिकलसेल संस्थेत विचारून ओपीडीत बसायला जा. आणि मराठी घरात तुझी छत्तीसगढी कच्ची राहिली आहे; रुग्णांशी बोलायचं तर ती आतापासून सुधार.

तुझा,
मामा