आधी सुट्ट्यांचा तक्ता, मग रांगोळी

छत्रपती संभाजीनगर,
श्रावण, ऑगस्ट २०२६

चि. सोनू,


तुझा आराखडा मोबाइलवर आला, चष्मा लावून वाचला. रांगोळी स्पर्धा, आकाशकंदील स्पर्धा, पारंपरिक वेशभूषेचा दिवस, सेल्फी पॉइंट, शेवटी लकी ड्रॉ. खर्चाचा अंदाजही नेटका मांडलायस. ‘सणासुदीत लोकांचं लक्ष उडतं, त्यांना कामात गुंतवून कसं ठेवू?’ असं विचारलंस. माझी पर्सोनेलची नोकरी चिकलठाण्यात सुरू झाली आणि वाळूजला संपली, तेवढ्या भांडवलावर सांगतो. सणात माणसाचं मन घरी असतं, आणि ते तिथं असायलाच हवं. ते ओढून कारखान्यात आणायच्या भानगडीत पडू नकोस. घरची सोय लागलीय हे त्याला वेळेत कळलं की हातातलं काम तो नीट करतो. तुझ्या आराखड्यात नेमकं हेच राहिलंय. सुट्टी कुणाला आणि कधी, बोनस कोणत्या तारखेला, दिवाळीनंतर कामावरून ब्रेक कुणाला, यावर एक ओळ नाही.

आपल्याकडचं गणित मुळातच अवघड आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. तुझी कंपनी त्यांतलीच. दसऱ्याला नाहीतर धनत्रयोदशीला नवी गाडी दारात आणायची हा आपला रिवाज, म्हणून शोरूम भरायचे तर लाइनी त्याआधी दोन महिने पळायला लागतात. म्हणजे माल सगळ्यात जास्त हवा त्याच दिवसांत पोळा, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र आणि दसरा. डिस्पॅचवाला तीनही शिफ्टला माणसं मागतो आणि माणसं सुट्टीचे अर्ज घेऊन तुझ्या दारात उभी.

आता ते अर्ज जरा निरखून बघ. हेड ऑफिसातल्या मंडळींना वाटतं, सुट्टी म्हणजे मौज. रांजणगाव शेणपुंजीच्या किंवा बजाजनगरच्या खोलीत राहणारा तुझा ऑपरेटर बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडचा असतो, आणि गावाकडं त्याची दोन-चार एकर असतात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला येतं. शेंगा तडकायला लागल्या की वावर थांबत नाही, आणि त्या दिवसांत मजूर मागेल तो भाव घेतो. दिवाळीत कापसाची वेचणी, पाठोपाठ हरभऱ्याची पेरणी. तेव्हा ‘घरी सण आहे’ असं लिहिलेल्या अर्जाखाली निम्म्या वेळा मळणीयंत्राची पाळी दडलेली असते. सरळ विचार, ‘सोयाबीन काढायचंय का?’ तो हसेल आणि खरं सांगेल. मग पाच दिवसांची रजा घेऊन दहा दिवस गायब होण्याऐवजी सात दिवस मागेल आणि आठव्या दिवशी हजर होईल. दांड्यांचं मूळ बऱ्याचदा इथंच असतं. हजेरी बक्षीस वाढवून ते उपटत नाही.

तुझ्या असेंब्लीत आणि पॅकिंगमध्ये बायका जास्त आहेत, त्यांचा मोठा सण दिवाळीच्या आधीच येतो. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सवाष्णी. त्या दिवशी सकाळच्या शिफ्टला लाइन चालवायचा हट्ट धरू नये. त्या दिवसाचं काम आधीच्या रविवारी करून घ्या, बदली सुट्टी द्या. हे बायकांना विचारूनच ठरव, त्या तुझ्यापेक्षा चोख वेळापत्रक लावतील.

आणि सण म्हणजे फक्त गणपती-दिवाळी नव्हे, हे या शहरात राहून विसरायचं नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणारे तुझ्या प्रेसशॉपमध्ये बरेच निघतील. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तो दिवस विजयादशमीचा होता, म्हणून तिथं गर्दी दसऱ्याला लोटते. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर नामविस्तार दिन. ईद तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, ती तुझ्या छापील कॅलेंडरच्या भरवशावर सोडू नकोस. एकमेकांच्या सणाला एकमेकांची पाळी उचलायची पद्धत वाळूजच्या कामगारांत जुनी आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सलीमभाई उभा राहतो, ईदला त्याच्या मशीनवर दुसरा कुणी. ही अदलाबदल चोरून होते कारण सुपरवायझर ती मानत नाही. तू ती कागदावर आण. दोघांच्या सह्या घे, एवढंच.

बिहार-यूपीची पोरं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो सगळ्यात तातडीचा. छठ दिवाळीनंतर आठवडाभरात. मधे अधिक महिना आल्यामुळे यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे छठ १५ ला. जाण्या-येण्यातच चार दिवस मोडतात, त्यामुळे ही पोरं दिवाळीच्या आधी निघणार आणि छठ करूनच परतणार. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. ५ नोव्हेंबरला निघायचं तर खिडकी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उघडणार, आणि उघडल्यावर जागा किती वेळ टिकतात ते तुला माहीत आहे. तू रजा ऑक्टोबरात मंजूर केलीस तर त्या मंजुरीचं पोरानं करायचं काय? जनरल डब्यात लोंबकळत जाईल आणि परतीचं तिकीट मिळेपर्यंत तिकडंच बसेल. म्हणून तक्ता ऑगस्टअखेर भिंतीवर लागला पाहिजे. मराठीत आणि हिंदीत, नावानिशी, कॅंटीनच्या दाराशी. साहेबाच्या केबिनमध्ये लावलेला तक्ता हा तक्ता नव्हे.

कुणाला नाही म्हणावं लागेलच. गेल्या दिवाळीला कोण थांबलं होतं ते रजिस्टर काढून बघ. यंदा पहिली निवड त्यांची. हा नियम सांगितला की लोक कुरकुरतात, पण मानतात. सुपरवायझरच्या मर्जीवर सोडलंस तर दिवाळीनंतरही तीच चर्चा चालेल.

आता बोनस. जास्तीत जास्त २० टक्के हा आकडा १९६५ च्या कायद्यापासून आणि किमान ८.३३ टक्के हा त्यातल्या नंतरच्या दुरुस्तीपासून चालत आला, वेतन संहितेतही तेच राहिले. ८.३३ म्हणजे बारावा हिस्सा, वर्षाच्या हिशेबातला एक महिना. कायदा हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत देतो. मार्चअखेर वर्ष संपलं की ३० नोव्हेंबर. तुमचा अकाउंटवाला हेच बोट दाखवून म्हणेल, ‘घाई काय?’ त्याला कॅलेंडर दाखव. कायद्याची मुदत पाळली आणि दिवाळी निघून गेली तर त्या पैशाचं मोल अर्धं होतं. पोरांचे कपडे, बहिणीची ओवाळणी, बियाणं, सावकाराचा हप्ता हे सगळं दिवाळीच्या आधीचं असतं. धनत्रयोदशीच्या निदान पंधरा दिवस आधी पैसे खात्यात पडू देत. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती तारीख आणि आकडा आत्ताच जाहीर करा. आकडा कमी असला तरी करा. अफवा त्याहून महाग पडते.

याचं मोठं उदाहरण मुंबईचं. १९८१ च्या दिवाळीत गिरण्यांत बोनसवरून ठिणगी पडली. मान्यताप्राप्त युनियननं जो आकडा मान्य केला तो कामगारांना मान्य नव्हता. ते कामगार पुढारी दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाची कारणं पुष्कळ होती, नुसत्या बोनसवर मी ते ढकलत नाही. पण आपल्याला न विचारता आपली दिवाळी दुसऱ्यांनी ठरवली, हा राग त्यात होता. तुमच्याकडे युनियन नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. युनियन नसलेल्या ठिकाणी तो राग राजीनाम्यातून नाहीतर रिजेक्शनच्या टक्क्यातून बाहेर येतो.

ठेकेदारांची माणसंही मोजायला विसरू नकोस. बोनस त्यांनाही लागू आहे. ठेकेदारानं हात वर केले तर जबाबदारी फिरून कंपनीच्या दारात येते. पैशाइतकाच मिठाईचा डबाही जपून हाताळ. एका कारखान्यात, नाव नको, धनत्रयोदशीला गेटवर टेबल मांडलेलं मी पाहिलंय. उजवीकडे परमनंटवाल्यांसाठी किलोचे लाल डबे, डावीकडे कंत्राटी पोरांसाठी अर्ध्या किलोचे पांढरे. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहणारे दोघं गेटपर्यंत बोलत आले आणि टेबलाशी वेगळे झाले. धाकट्यानं पांढरा डबा घेतला, पिशवीत जेवणाच्या डब्याखाली सरकवला, चेन ओढली आणि मित्रासाठी न थांबता बसकडे निघाला. वाचलेले पैसे किती असतील? बजेट कमी असेल तर सगळ्यांना अर्धा किलो दे. सुरतेच्या हिरेवाल्यांनी मोटारी वाटल्याच्या बातम्या दिवाळीला तुमच्या ग्रुपवर येणारच, त्याला आपला इलाज नाही. पण शेजारच्याला किलो आणि मला अर्धा, ही बातमी तुमच्याच गेटवरून निघते.

आणि ब्रेक. दिवाळीनंतर मागणी उतरते, तात्पुरत्या पोरांना ब्रेक दिला जातो, हे वाळूजमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच ऑक्टोबरात ती पोरं दुसरीकडं अर्ज टाकत असतात आणि तू त्यांच्याकडून आकाशकंदील करून घेत असतेस. कोण राहणार आणि कुणाला पुन्हा कधी बोलावणार, हे नवरात्राच्या आत स्पष्ट सांग. ज्याला जायचंय त्यालाही आधी कळलं की तो शेवटच्या दिवसापर्यंत इमानानं काम करतो. हा माझा आशावाद नाही. नोटीस न देता काढलेली आणि देऊन काढलेली, दोन्ही तऱ्हेची माणसं शेवटच्या आठवड्यात कशी वागतात ते मी बघितलंय.

हे सगळं झालं की मग तुझा कार्यक्रम. सेल्फी पॉइंट काढून टाक, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी मात्र झोकात कर. वाळूजमध्ये त्या दिवशी मशीन धुतात ते बघण्यासारखं असतं. ऑपरेटर कॉटन वेस्ट घेऊन लेथच्या बेडखाली घुसतो, वर्षाची बर आणि चिकट कूलंट खरवडून काढतो, चकवर हळदीकुंकवाची बोटं उमटवतो, झेंडूची माळ इमर्जन्सीच्या लाल बटणावर येणार नाही इतकी बेतून बांधतो. तुमच्याकडे सगळ्या कारखान्यात मिळून एक पूजा असते, नारळ साहेब फोडतात आणि फोटो निघतो. यंदा प्रत्येक मशीनची पूजा त्या मशीनवाल्याच्या हातून होऊ दे. बायका-पोरांना आत येऊ दे, सुरक्षेची पिवळी पट्टी आखून. आपला बाप रोज कशापुढं उभा असतो हे पोरांनी बघावं. रांगोळ्याही तिथंच पडतील, स्पर्धा लावायची गरज नाही. नंबर काढलेस की दोन खूश आणि वीस नाराज.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फर्नेसवर, गेटवर आणि मेंटेनन्सला जी माणसं थांबतील त्यांच्या जादा तासांना दुप्पट दर कायद्यानं आहेच. तुमच्या प्लांट हेडला त्या रात्री तासभर तिथं यायला सांग. फराळ कॅंटीनच्या ठेकेदाराचा नको. एखाद्या बचत गटातल्या बायकांना आत्ताच ऑर्डर दे, गणपतीनंतर त्या घेत नाहीत.

येत्या सोमवारी पहिलं काम म्हणजे ठेकेदारांची बैठक लाव आणि त्यांच्याकडून गावनिहाय याद्या घे. त्यावरून तक्ता कर आणि मला पाठव, मी नजर टाकतो. एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, तू पाठवलेल्या रजेच्या कच्च्या यादीत तुझंच नाव नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी येतोय, आणि ताई फोनवर म्हणत होती की यंदा तिचे गुडघे धरलेत. सोळा भाज्या चिरणार कोण? तुझा अर्ज आधी टाक.

तुझा,
मामा